शस्त्रक्रियेपूर्वीं रोग्यानें काय सांगावें, काय विचारावें

शस्त्रक्रिया ठरली कीं घरांत पहिली चर्चा होते ती खर्चाची, दुसरी सोबतीला कोणी राहावयाचें याची, आणि तिसरी डबा कोठून न्यावयाचा याची. रोगी रोज कोणत्या गोळ्या घेतो, पूर्वीं त्याला कोणतें औषध बाधलें होतें काय, घराण्यांत कोणाला भूल सोसली नव्हती काय, ह्या गोष्टींचा विचार बहुधा शेवटीं होतो, आणि पुष्कळदां मुळींच होत नाहीं. 'तें सारें डॉक्टर पाहून घेतील,' असें म्हणून लोक मोकळे होतात. डॉक्टर पाहून घेतात हें खरें. परंतु जें त्यांच्यापुढें ठेवलेंच गेलें नाहीं, तें ते कसें पाहणार?

रक्ताच्या तपासणींत साखर किती आहे तें कळतें, क्ष-किरणांच्या चित्रांत फुप्फुस दिसतें, हृदयाच्या आलेखांत ठोक्यांची चाल उमटते. पण शेजारणीनें दिलेली सांध्यांची पुडी महिनाभर पोटांत जात आहे, ही गोष्ट कोणत्याहि नेहमींच्या यंत्रांत दिसत नाहीं. शस्त्रक्रियेचें शास्त्र डॉक्टरांपाशीं असतें. रोग्याच्या नित्याच्या जीवनाची माहिती रोग्यापाशीं असते. हीं दोन ज्ञानें शस्त्रक्रियेपूर्वीं एकत्र यावयास हवींत. तीं एकत्र आणण्याचा पहिला भार रोग्यावर व त्याच्या माणसांवर आहे, आणि तो उचलण्यास वैद्यकाची पदवी लागत नाहीं.

या गोष्टीचें बोलकें उदाहरण वैद्यकाच्या इतिहासांत नमूद आहे. १९६० सालीं ऑस्ट्रेलियांतील रॉयल मेलबर्न हॉस्पिटलमध्यें एकवीस वर्षांचा एक विद्यार्थी पाय मोडल्यामुळें दाखल झाला. हाड बसविण्यासाठीं भूल देणें अवश्य होतें. परंतु ह्या तरुणाला मोडलेल्या पायापेक्षां भुलेचीच धास्ती अधिक होती. त्यानें डॉक्टरांना सांगितलें कीं, आपल्या नात्यांतील दहा माणसें ईथरची भूल घेतल्यानंतर दगावलीं आहेत. ऐकणाऱ्यास ही घाबरट माणसाची कहाणी वाटली असती. पण तेथील डॉक्टरांनीं ती उडवून लावली नाहीं. त्यांनीं ईथर टाळून, त्या काळीं नुकतेंच प्रचारांत आलेलें हॅलोथेन नांवाचें औषध वापरावयाचें ठरविलें, आणि रोग्यावर बारीक लक्ष ठेवलें. थोड्याच वेळांत रक्तदाब उतरला, नाडी धांवूं लागली, अंग भाजूं लागलें. डॉक्टर सावध होतेच. भूल तत्काळ बंद करण्यांत आली, बर्फानें अंग थंड करण्यांत आलें, आणि तो तरुण वांचला.

मायकेल डेनबरो व रिचर्ड लव्हेल ह्या दोघां डॉक्टरांनीं ह्या कुटुंबाची हकीकत त्याच वर्षीं 'लान्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केली. पुढील संशोधनावरून असें दिसून आलें कीं, कांहीं घराण्यांत स्नायूंचा एक आनुवंशिक दोष असतो. एरवीं असा माणूस धडधाकट असतो. परंतु भुलेच्या कांहीं वायुरूप औषधांनीं, आणि स्नायू शिथिल करणाऱ्या सक्सामेथोनियम नांवाच्या इंजेक्शनानें, त्याच्या स्नायूंत जणूं वणवा पेटतो व ताप भराभर चढतो. ईथरप्रमाणें हॅलोथेनहि त्याच औषधांत मोडतें, हें तेव्हां कोणासच ठाऊक नव्हतें. १९७५ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील हॅरिसन यांनीं डुकरांवर प्रयोग करून डँट्रोलीन हें औषध ह्या विकारावर गुणकारी असल्याचें दाखविलें. आरंभीं ह्या विकारांत बहुसंख्य रोगी दगावत; आज तो वेळीं ओळखला गेला आणि औषध हाताशीं असलें, तर बहुतेक वांचतात.

ह्या प्रसंगांतून दोन बोध निघतात. पहिला असा कीं, मेलबर्नच्या त्या डॉक्टरांना धोक्याची सूचना रोग्याच्या तोंडूनच मिळाली. ती दुसरीकडून मिळण्याजोगी नव्हती. दुसरा बोध अधिक सूक्ष्म आहे. सांगितल्यावरहि डॉक्टरांनीं निवडलेलें औषध बाधकच निघालें. मग सांगण्याचा उपयोग काय झाला? उपयोग हा झाला कीं, ते वाट चुकले तरी बेसावध नव्हते, आणि पहिल्या चिन्हासरशीं त्यांनीं हात आखडला. रोग्यानें सांगितल्यानें डॉक्टर सर्वज्ञ होत नाहीं. तो जागा राहतो, आणि तेवढ्यानेंहि प्राण वांचतात.

घराण्याच्या इतिहासाचें महत्त्व आपल्या देशांतहि दिसून येतें. वर ज्याचा उल्लेख आला तें सक्सामेथोनियम सामान्य माणसाच्या रक्तांतील एका द्रव्यामुळें कांहीं मिनिटांतच विरून जातें. ज्यांच्या रक्तांत हें द्रव्य जन्मतःच कमी असतें किंवा निकामी असतें, त्यांचे स्नायू मात्र कित्येक तास लुळे राहतात, आणि तोंवर यंत्रानें श्वास द्यावा लागतो. आंध्र, तेलंगण व तामिळनाडू ह्या भागांतील आर्य वैश्य समाजांत हा दोष इतरांपेक्षां अधिक प्रमाणांत आढळला आहे. मराठवाड्यांतहि ह्या समाजाचीं घरें आहेत. 'आमच्या काकांना शस्त्रक्रियेनंतर दिवसभर यंत्रावर ठेवलें होतें,' एवढें एक वाक्य पुतण्यानें सांगितलें, तर भूल देणारा डॉक्टर दुसरें औषध निवडतो आणि प्रश्न तेथेंच मिटतो.

आतां रोजच्या औषधांकडे वळावयाचें. त्यांत पहिला मान रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा. 'रक्त पातळ करणें' हा केवळ बोलीचा प्रयोग आहे. रक्त कांहीं पाण्यासारखें पातळ होत नाहीं, त्याची गोठण्याची शक्ति कमी होते. हृदयविकारासाठीं जी लहानशी ॲस्पिरिनची गोळी दिली जाते, ती रक्तांतील बिंबाणूंना कायमची निकामी करते. बिंबाणूंचें आयुष्य सुमारें सात ते दहा दिवसांचें असल्यामुळें, गोळी आज बंद केली तरी तिचा परिणाम पूर्ण ओसरण्यास आठवडाभर लागतो. वॉरफॅरिन नांवाच्या औषधाची कुळकथा तर अद्‌भुत आहे. उत्तर अमेरिकेंत सडका क्लोव्हर-चारा खाणारीं गुरें रक्तस्राव होऊन मरत. त्या चाऱ्यांतील दोषी द्रव्य विस्कॉन्सिन येथील कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेंत शोधून काढलें गेलें. त्यावरून तयार झालेलें वॉरफॅरिन १९४८ सालीं उंदरांचें विष म्हणून बाजारांत आलें, आणि १९५४ सालापासून माणसांसाठीं औषध म्हणून वापरलें जाऊं लागलें. शस्त्रक्रियेपूर्वीं तें बंद करावयाचें झाल्यास साधारणतः पांच दिवस आधीं थांबवितात. अलीकडील नवीं औषधें त्याहून लवकर उतरतात. परंतु मूत्रपिंडें अशक्त असल्यास त्यांनाहि अधिक वेळ लागतो.

येथें एका मोठ्या गैरसमजाविषयीं सावध केलें पाहिजे. रक्त पातळ करणारी गोळी शस्त्रक्रियेपूर्वीं थांबवावी लागते, एवढेंच ऐकून पुष्कळ लोक ती आपल्याच मनानें बंद करतात. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनींत नुकतीच धातूची जाळी बसविली आहे, ज्याच्या हृदयाची झडप कृत्रिम आहे, त्यानें असें केल्यास रक्ताची गुठळी होऊन शस्त्रक्रियेपूर्वींच प्राणावर बेतूं शकतें. एकीकडे रक्तस्रावाची भीति, दुसरीकडे गुठळीची. हा तोल रोग्यानें एकट्यानें सांभाळावयाचा नसतो, आणि पुष्कळदां एकट्या शल्यवैद्यानेंहि सांभाळावयाचा नसतो. हृदयाचे डॉक्टर आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर यांनीं एकमेकांशीं बोलून तो ठरवावा लागतो. तें बोलणें झालें आहे काय, हें विचारणें रोग्याच्या हातीं आहे. येथें सांगितलेले दिवस पाहून कोणीहि स्वतःच औषध थांबवूं नये. त्या दिवसांचा उपयोग प्रश्न विचारण्यापुरताच करावा.

मधुमेहाच्या औषधांचा प्रश्न वेगळा आहे. भूल देण्यापूर्वीं कांहीं तास उपाशी राहावें लागतें, कारण भुलेखालीं पोटांतील अन्न घशांत येऊन फुप्फुसांत उतरण्याचा धोका असतो. उपाशी पोटीं साखर उतरविणारी गोळी घेतली तर साखर धोक्याइतकी खालीं जाते. उलट इन्सुलिनची ज्यांना नित्य गरज आहे त्यांनीं तें अजिबात सोडलें तर तेंहि तितकेंच घातक ठरतें. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन ह्या वर्गांतील गोळ्या मूत्रावाटे साखर बाहेर टाकतात. शस्त्रक्रियेच्या वेळीं ह्या गोळ्यांमुळें रक्तांत आम्ल सांचूं शकतें, आणि साखर मात्र फारशी वाढलेली नसल्यामुळें विकार लवकर लक्षांतहि येत नाहीं. अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्यानें २०२० सालीं ह्या दोन गोळ्या ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वीं किमान तीन दिवस थांबविण्याची सूचना दिली आहे. मधुमेहासाठीं व वजन उतरविण्यासाठीं आठवड्यांतून एकदां घेतलें जाणारें सेमाग्लुटाइडसारखें इंजेक्शन जठर रिकामें होण्याची क्रिया मंद करतें. म्हणजे रोग्यानें नियमाप्रमाणें उपवास केला तरी पोटांत अन्न शिल्लक असूं शकतें. सर्वांनींच तें थांबवावें असें नाहीं. पण भूल देणाऱ्या डॉक्टरला तें ठाऊक असलेंच पाहिजे. वजन उतरविण्याचें इंजेक्शन कित्येकजण संकोचानें घरच्यांपासूनहि लपवितात. भूल देणाऱ्यापासून तें लपविणें मात्र महागांत पडतें.

तिसरा वर्ग स्टेरॉइडांचा. मूत्रपिंडांच्या माथ्यावर ज्या दोन लहान ग्रंथि असतात, त्या संकटाच्या वेळीं कॉर्टिसॉल नांवाचें द्रव्य अधिक प्रमाणांत निर्माण करून शरीराला धीर देतात. शस्त्रक्रिया हें शरीराच्या दृष्टीनें एक संकटच होय. जो माणूस कित्येक आठवडे स्टेरॉइडच्या गोळ्या घेतो, त्याच्या ह्या ग्रंथि आयतें मिळत असल्यामुळें आळसावतात, आणि ऐन वेळीं काम देत नाहींत. १९५२ सालीं अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकांत अशाच एका संधिवाताच्या रोग्याची हकीकत प्रसिद्ध झाली. तो कॉर्टिझोन घेत होता. शस्त्रक्रियेच्या सुमारास तें थांबलें, आणि शस्त्रक्रियेनंतर त्याचा रक्तदाब जो कोसळला तो सांवरला नाहीं. तेव्हांपासून अशा रोग्यांना शस्त्रक्रियेच्या वेळीं स्टेरॉइड चालू ठेवण्याचा, व जरूर तर अधिक देण्याचा प्रघात पडला. परंतु रोगी स्टेरॉइड घेतो हें डॉक्टरांना कळलें तरच हें शक्य आहे. आपल्याकडे अडचण अशी कीं, रोग्याला स्वतःलाच तें ठाऊक नसतें. दम्यावर किंवा सांधेदुखीवर 'रामबाण' म्हणून ज्या बिननांवाच्या पुड्या व गोळ्या विकल्या जातात, त्यांत स्टेरॉइड मिसळलेलें असल्याचें तपासणींत वेळोवेळीं आढळून आलें आहे. ज्या पुडीनें दोन दिवसांत जादू केल्यासारखा आराम पडला आणि महिन्यांत चेहरा सुजल्यासारखा भरला, ती पुडी शस्त्रक्रियेपूर्वीं डॉक्टरांना अवश्य दाखवावी.

रक्तदाबाच्या औषधांचाहि असाच प्रकार आहे. कांहीं गोळ्या शस्त्रक्रियेच्या दिवशीं सकाळीं घोटभर पाण्याबरोबर घ्यावयाच्याच असतात, आणि त्या एकाएकीं तोडल्यास हृदयावर ताण येतो. दुसऱ्या कांहीं गोळ्या घेतल्या तर भुलेखालीं रक्तदाब फार उतरतो, म्हणून त्या दिवशीं पुष्कळदां टाळल्या जातात. फिटांच्या व मानसिक आजारांच्या औषधांचीहि अशीच विचारपूर्वक व्यवस्था करावी लागते. 'उपास म्हणजे सर्व औषधें बंद' आणि 'रोजचें तें रोजचें' हे दोन्ही सरसकट नियम म्हणूनच चुकीचे आहेत.

ह्याखेरीज ज्यांना लोक औषध समजतच नाहींत अशाहि वस्तु आहेत. काढे, चूर्णें, भस्में, हळदीच्या व लसणीच्या गोळ्या, परदेशांतील नातलगांनीं आणलेल्या शक्तिवर्धक बाटल्या, झोपेची अर्धी गोळी, डोळ्यांत घालावयाचे थेंब, संततिनियमनाच्या गोळ्या, हीं सर्व सांगण्याजोगीं आहेत. ह्यांतील कांहींनीं रक्तस्राव वाढूं शकतो, कांहींनीं रक्ताची गुठळी होण्याचा संभव वाढतो, कांहींनीं नाडी मंदावते. तंबाखू, मिश्री व दारू यांचाहि यांत समावेश होतो. नित्य दारू घेणाऱ्या माणसाची दारू रुग्णालयांत एकाएकीं तुटली, म्हणजे दोन-तीन दिवसांत त्याला कंप सुटतो, भ्रम होतो, क्वचित् फिट येते. आणि कारण ठाऊक नसेल तर डॉक्टर भलत्याच दिशेनें शोध घेत बसतात.

लोक ह्या गोष्टी कां सांगत नाहींत? कांहींना वाटतें, वैद्यांचें औषध घेतलें म्हणून डॉक्टर रागावतील. कांहींना वाटतें, एवढ्या मोठ्या माणसाचा वेळ आपल्या क्षुल्लक गोष्टींत कां दवडावा. स्त्रियांची अडचण तर निराळीच असते. खाटेभोंवतीं सासूसासरे, दीर, जावा उभीं असतात. प्रश्न सुनेला विचारला जातो आणि उत्तर दुसराच कोणी देतो. अशा वेळीं रोग्यानें डॉक्टरांना किंवा परिचारिकेला 'मला आपल्याशीं दोन शब्द एकांतांत बोलावयाचे आहेत' असें स्पष्ट सांगावें. त्यांत कांहींहि गैर नाहीं. झांकली मूठ सव्वा लाखाची असते हें व्यवहारांत ठीक. शस्त्रक्रियेच्या टेबलावर ती मूठ उघडीच असावी लागते.

औषध बाधण्याविषयीं सांगतांनाहि नेमकेपणा हवा. 'मला पेनिसिलिन चालत नाहीं' एवढेंच सांगणें पुरेसें नाहीं. तें घेतल्यावर काय झालें तें सांगावें. पोट बिघडलें काय, अंगावर पित्त उठलें काय, ओठ व जीभ सुजली काय, श्वास अडकला काय, आणि हें सर्व औषध घेतल्यापासून किती वेळानें झालें? नुसतें मळमळणें निराळें आणि श्वास कोंडणें निराळें. पहिल्यांत तें औषध पुढेंमागें देतां येतें. दुसऱ्यांत चुकून दिलें गेल्यास प्राणावर बेततें. नेमकी हकीकत मिळाली तर धोक्याचें औषध टळतें, आणि उपयुक्त औषध विनाकारण वर्ज्यहि होत नाहीं.

हें सर्व ऐन वेळीं आठवत नाहीं, म्हणून एक कागद करावा. त्यावर औषधाचें नांव, त्याचें प्रमाण, घेण्याची वेळ, किती दिवसांपासून चालू आहे आणि कोणी दिलें, अशीं पांच सदरें आंखावीं. आपल्या देशांत एकच औषध वेगवेगळ्या कंपन्या अनेक नांवांनीं विकतात. म्हणून वेष्टनावरील विक्रीचें नांव लिहून न थांबतां त्याच्याखालीं छापलेलें मूळ औषधाचें नांवहि उतरावें. लिहितां येत नसेल तर घरांतील सर्व वेष्टनें, बाटल्या व पुड्या एका पिशवींत घालून ती पिशवीच न्यावी. कागदाच्या खालच्या भागांत पूर्वींच्या शस्त्रक्रिया, पूर्वीं घेतलेल्या भुलेचा अनुभव, बाधलेलीं औषधें आणि घराण्यांतील विशेष घटना लिहाव्या. ह्या कागदाच्या दोन प्रती काढून एक डॉक्टरांपाशीं द्यावी व एक स्वतःपाशीं ठेवावी. अपघातासारख्या प्रसंगीं बोलण्यास सवड नसते. म्हणून रक्त पातळ करणारें औषध, स्टेरॉइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानें तशी चिठ्ठी खिशांत नेहमींच बाळगावी.

सांगून झाल्यावर विचारावयाचें. प्रश्न थोडे व स्पष्ट असावेत. ह्यांपैकीं कोणतें औषध थांबवावयाचें? शेवटची गोळी कोणत्या तारखेस, सकाळीं कीं रात्रीं? शस्त्रक्रियेच्या सकाळीं कोणती गोळी घ्यावयाची? औषध थांबविल्यानें मला काय धोका आहे, आणि न थांबविल्यानें काय? माझ्या हृदयाच्या डॉक्टरांशीं ह्याविषयीं बोलणें झालें आहे काय? थांबविलेलें औषध पुन्हां केव्हां सुरू करावयाचें? मिळालेलीं उत्तरें तेथेंच लिहून घ्यावीं आणि 'म्हणजे सोमवारपासून ही गोळी बंद, आणि ही मात्र चालू. मी बरोबर समजलों ना?' असें वाचून दाखवावें. ह्या उलट-वाचनांत कितीतरी चुका पकडल्या जातात.

भूल देणाऱ्या डॉक्टरची भेट शस्त्रक्रियेच्या आधीं मागून घ्यावी. शल्यवैद्याचें लक्ष रोगट अवयवावर असतें. श्वास, नाडी, रक्तदाब हें सर्व शस्त्रक्रियेच्या वेळीं भूल देणारा सांभाळतो, आणि औषधांचा प्रश्न मुख्यतः त्याच्याशीं निगडित असतो. डॉक्टर घाईंत असल्यास 'डॉक्टरसाहेब, आपल्याला घाई आहे हें समजतें; पण ही यादी आपण एकदां पाहिल्यावांचून मला धीर होणार नाहीं' असें नम्रपणें, परंतु न हटतां म्हणावें. दोन डॉक्टरांनीं दोन निरनिराळ्या गोष्टी सांगितल्यास त्यांतील सोयीची एक निवडूं नये. दोघांनाहि तें सांगून एकच निर्णय मागावा. शंका फिटली नाहीं आणि शस्त्रक्रिया तांतडीची नसली, तर ती कांहीं दिवस पुढें ढकलण्याविषयीं विचारण्यास किंवा दुसऱ्या डॉक्टरांचें मत घेण्यास हरकत नाहीं.

असें विचारणें म्हणजे उद्धटपणा नव्हे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं दिलेल्या एका निर्णयांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, रोग्याची संमति खरी ठरावयाची तर उपचाराचें स्वरूप, त्यांतील धोके आणि दुसरे पर्याय यांची पुरेशी माहिती त्याला आधीं मिळालेली असली पाहिजे. महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं शुश्रूषागृहांच्या नियमांत केलेल्या दुरुस्तीप्रमाणें रोग्यांच्या हक्कांची सनद दर्शनी भागीं लावणें खाजगी रुग्णालयांस बंधनकारक आहे. संमतिपत्रावरील सही हा केवळ कारकुनी सोपस्कार नव्हे, ती ह्या संवादाची पोंच होय. मजकूर समजला नसेल तर तो मराठींतून समजावून मागावा, आणि मगच सही करावी.

चांगले डॉक्टरहि हेंच इच्छितात. जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं शस्त्रक्रियेसाठीं एकोणीस कलमांची एक तपासयादी तयार केली. रोगी तोच आहे ना, अवयव तोच आहे ना, कोणतें औषध त्याला बाधतें काय, असे साधे प्रश्न तींत आहेत, आणि ते भूल देण्यापूर्वीं मोठ्यानें विचारावयाचे असतात. नवी दिल्लींतील एकासह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहण्यांत आली. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणें मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १.५ वरून ०.८ वर आलें, आणि गुंतागुंतीचें प्रमाण शेंकडा ११ वरून ७ वर उतरलें. निष्णात शल्यवैद्यांनाहि साध्या प्रश्नांची उजळणी उपयोगी पडते, तर रोग्यानें आपल्या बाजूनें तीच उजळणी करण्यांत संकोच कसला? टेबलावर नेल्यावर कोणीं नांव विचारलें, औषध बाधतें काय म्हणून विचारलें, तर 'पुन्हां पुन्हां काय विचारतां?' म्हणून वैतागूं नये. शांतपणें पुन्हां उत्तर द्यावें.

शेवटची एक गोष्ट पुष्कळदां विसरली जाते. शस्त्रक्रिया सुखरूप होते, टांके निघतात, घरीं आनंद होतो, आणि थांबविलेली हृदयाची गोळी थांबलेलीच राहते. दोन महिन्यांनीं कोणाच्या तरी लक्षांत येतें, तोंवर कधीं कधीं फार उशीर झालेला असतो. म्हणून रुग्णालयांतून निघतांना तोच पहिला कागद पुन्हां बाहेर काढावा, डॉक्टरांपुढें धरावा, आणि प्रत्येक औषधापुढें चालू, बंद किंवा अमुक तारखेपासून, असा शेरा लिहून घ्यावा. तो शेरा पुरा झाल्यावरच रिक्षा बोलवावी.